टोमॅटो, झेंडू आणि तळ्यातील वाफे

नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे, अथवा पुणे जिल्ह्यात नारायणगावच्या आसपास, टोमॅटोच्या हंगामात जो प्रवासी जाईल त्याच्या दृष्टीस काही मळ्यांत एक चमत्कारिक मांडणी पडेल. उंच केलेल्या गादीवाफ्यांवर, बांबू व तारा यांच्या आधाराने, टोमॅटोच्या ओळीमागून ओळी उभ्या असतात. आणि अशा पंधरा-सोळा ओळी झाल्या की मध्येच एक ओळ पिवळ्या-नारिंगी झेंडूची येते. हा झेंडू केवळ शोभेसाठी नसावा हे उघडच दिसते. मालकास विचारले तर तो 'सापळा पीक' असे दोन शब्दांत उत्तर देईल, आणि अधिक खोदून विचारल्यास एखाद्या कृषिविषयक पुस्तिकेचा हवाला देईल. त्याच्या दृष्टीने ही अलीकडची सुधारणा आहे, आणि एका अर्थाने ते खरेही आहे.

परंतु इतिहासाच्या अभ्यासकास या दृश्यात आणखी काही दिसते. टोमॅटो आणि झेंडू ही दोन्ही झाडे आपल्याकडे परकी असून त्यांची मायभूमी एकच आहे. पाचशे वर्षांपूर्वी ती पृथ्वीच्या पलीकडच्या अंगास, पाण्यातून वर उचललेल्या वाफ्यांवर, एकाच माळ्याच्या हाताखाली वाढत होती. तेथून ती निघाली ती वेगवेगळ्या जहाजांनी, वेगवेगळ्या नावांनी, आणि वेगवेगळ्या प्रतिष्ठेने. एक देवघरात गेले. दुसरे कित्येक वर्षे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच तिष्ठत राहिले. ती दोन्ही पुन्हा एका शेतात आली त्याला अजून पन्नास वर्षेही झालेली नाहीत. या ताटातुटीचा आणि पुनर्भेटीचा वृत्तान्त वाचकांपुढे मांडावा, असा प्रस्तुत लेखकाचा हेतू आहे. कारण रोपांबरोबर त्यांची विद्या प्रवास करीत नाही ही गोष्ट आपण लिहितो-वाचतो त्या इतिहासात फारशी येत नाही.

मेक्सिकोचे खोरे समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर असून चहूंबाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. पावसाच्या पाण्यास बाहेर पडण्यास नैसर्गिक वाट नसल्यामुळे तेथे पाच उथळ सरोवरे साचली होती. मधले टेस्कोको हे सर्वांत सखल आणि म्हणून खारट. दक्षिणेकडील शोचिमिल्को व चाल्को ही झऱ्यांवर पोसलेली, गोड्या पाण्याची. शोचिमिल्को या नावाचा अर्थच मुळी फुलशेतीचे ठिकाण असा आहे. या दलदलीच्या काठी राहणाऱ्या लोकांनी जमीन मिळविण्याचा जो उपाय काढला त्यास चिनाम्पा म्हणतात. चिनामित्ल म्हणजे बोरूचा अथवा काटक्यांचा कूड. त्या कुडाच्या आतली जागा ती चिनाम्पा. मेशिका लोक, ज्यांस आपण इंग्रजी पुस्तकांवरून आझ्टेक म्हणतो, ते या खोऱ्यात मागाहून आले. १३२५ मध्ये त्यांनी टेनोच्टिट्लान वसविले असे परंपरा सांगते. पण चिनाम्प्याची युक्ती त्यांच्या आधीपासून दक्षिणेकडील गावांत माहीत होती. मेशिकांनी तिचा विस्तार केला, आणि राजधानीचे पोट तिच्यावर भरले.

ती बांधण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. उथळ पाण्यात खुंट ठोकून लांबट आयत आखावयाचा, खुंटांमध्ये काटक्या-बोरूचा कूड विणावयाचा, आणि आत पाणवनस्पतींचे थर व तळाचा काळा गाळ आलटून पालटून टाकीत जावयाचे. पाण्याच्या पातळीपेक्षा वाफा वर आला की त्याच्या कडेने एक सडपातळ, उभट वाढणारा वाळुंज लावीत. त्याच्या मुळांनी काठ बांधला जाई, आणि झाड सरळसोट असल्यामुळे पिकावर सावलीही पडत नसे. असे वाफे शंभर मीटरपर्यंत लांब, पण रुंदीला पाच-दहा मीटरच असत. यात मोठी मख्खी आहे. वाफा अरुंद असल्यामुळे दोन्ही अंगांच्या कालव्यांतले पाणी आतल्या आत झिरपून मधल्या मुळांपर्यंत पोचते. वरून मोट हाकण्याची गरज क्वचितच पडते. मुळे ओलीत राहतात, पण बुडत नाहीत. टोमॅटोसारख्या झाडाला, ज्यास पाणी तर रोज हवे पण पाय पाण्यात मुळीच खपत नाहीत, याहून सोयीची जागा कोणती असणार! शिवाय त्या उंचीवर हिवाळ्यात दहिवर गोठते. कालव्यांत दिवसभर तापलेले पाणी रात्री ऊब सोडते आणि रोपे वाचतात.

युरोपीय लेखकांनी या वाफ्यांस 'तरंगत्या बागा' म्हणून जगभर प्रसिद्धी दिली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस आकोस्ता या जेझुइट लेखकाने पाण्यावर चालणाऱ्या शेतांची गोष्ट सांगितली, आणि ती पुढे पुस्तकांतून पुस्तकांत उतरत गेली. तरंगणारी बाग पाहावयाची असेल त्याने काश्मिरात दल सरोवरावर जावे. तेथे गवताच्या विणलेल्या तराफ्यांवर काकड्या व टोमॅटो खरोखरच तरंगत पिकतात. चिनाम्पा मात्र तळाला घट्ट धरून असते. ही चूक निरुपद्रवी वाटेल, पण प्रस्तुत लेखकास ती तशी वाटत नाही. तरंगती बाग म्हटली की ती एक गंमत ठरते, आणि तिच्यामागचे जलशास्त्र व पिढ्यान्‌पिढ्यांची अंगमेहनत दृष्टीआड होते. पेद्रो आर्मियास या पुराणवस्तुशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दक्षिणेकडील या शेतीचा व्याप सुमारे १२० चौरस किलोमीटर भरतो असे दाखविले. खारे पाणी गोड्या पाण्यात मिसळू नये म्हणून पंधराव्या शतकाच्या मध्यास टेस्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या देखरेखीखाली सुमारे १६ किलोमीटर लांबीचा बंधारा सरोवरातून घालण्यात आला होता. हे काही गंमतीचे काम नव्हते.

रोपे तयार करण्याची त्यांची पद्धत तर थेट आजची वाटते. चिनाम्प्याच्या टोकाशी, कालव्यालगत, लांब दांड्याला बांधलेल्या पिशवीने तळाचा गाळ उपसून तो एखाद्या चादरीसारखा पसरीत. तो आळला की सुरीने त्याच्या चौकोनी वड्या पाडीत. प्रत्येक वडीत बोटाने खळगी करून बी टाकीत, वर खत भुरभुरीत, आणि थंडीत बोरूचे आच्छादन घालीत. रोप हाताएवढे झाले की ती वडी तशीच उचलून वाफ्यात बसवावयाची. मुळास धक्का नाही, आणि आधीचे पीक शेतात उभे असताना पुढचे पीक वडीत वाढत असते. वर्षाला अनेक पिके निघत ती यामुळे. आज आपल्याकडे रोपवाटिकांतून प्लास्टिकच्या खाचांत, नारळाच्या काथ्याच्या भुशावर टोमॅटोची रोपे वाढवितात, ती कल्पना हीच.

या वाफ्यांवर मका, घेवडा, भोपळा, राजगिरा, मिरची, टोमॅटो आणि फुले अशी सरमिसळ असे. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो आणि भोपळ्याची पाने खाली जमीन झाकतात ही त्या खंडातील सुप्रसिद्ध जोडणी आहेच. टोमॅटोची गोष्ट थोडी निराळी. त्याचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू-एक्वादोरकडे, वाढतात. पण त्याचे माणसाळलेले रूप युरोपीयांस भेटले ते मेक्सिकोत. नाहुआत्ल भाषेत तोमात्ल म्हणजे रसाळ गोल फळ. त्यातले मोठे लाल ते शितोमात्ल. स्पॅनिश लोकांनी पुढचे अक्षर गाळून 'तोमाते' केले, आणि तेच जगभर झाले. मध्य मेक्सिकोत मात्र अजूनही 'हितोमाते' म्हणतात, म्हणजे अर्धे नाव तरी शाबूत आहे.

बेर्नाल दियास या कोर्तेसच्या शिपायाने वृद्धपणी लिहिलेल्या आठवणींत टोमॅटोचा उल्लेख एका भयंकर प्रसंगी येतो: १५१९ मध्ये चोलुला येथे स्पॅनिशांस मारून शिजविण्यासाठी मीठ, मिरची व टोमॅटो घातलेली भांडी तयार होती, असा त्याचा आरोप आहे. आरोप करणाऱ्यांनीच त्या गावात कत्तल केली होती, हे लक्षात घेता वाचकाने त्यास किती किंमत द्यावी हे ज्याने त्याने ठरवावे. मसाला कोणता होता याविषयी मात्र शिपायाची साक्ष मोलाची आहे. याहून शांत व भरवशाचे वर्णन बेर्नार्दिनो दे साआगुन या फ्रान्सिस्कन साधूने जमविले. तो १५२९ मध्ये मेक्सिकोत आला, नाहुआत्ल शिकला, आणि वृद्ध जाणत्या लोकांना विचारून त्याने १५७७ च्या सुमारास बारा भागांचा प्रचंड ग्रंथ पुरा केला. त्यात बाजारातील टोमॅटो विकणाऱ्याचे वेगळे वर्णन आहे: मोठे, लहान, हिरवे, पिवळे, लाल असे नाना प्रकार तो मांडतो, आणि लबाड विक्रेता नासके, ठेचलेले, पोट बिघडविणारे फळ गळ्यात मारतो. आपल्या कोणत्याही मंडईत हा गृहस्थ आजही भेटेल. ट्लाटेलोल्कोच्या बाजारात रोज ६०,००० माणसे खरेदी-विक्री करीत असे कोर्तेसने आपल्या राजाला १५२० मध्ये कळविले होते. तेथला भाजीपाला होड्यांतून चिनाम्प्यांवरूनच येई.

झेंडूचे नाव सेम्पोआलशोचित्ल. शब्दशः वीस फुले. पाकळ्यांच्या दाटीमुळे पडलेले. साआगुनच्या ग्रंथात देवांच्या उत्सवांत व मृतांच्या संस्कारांत या फुलाचे उल्लेख येतात. शोचिमिल्कोचे माळी ते पिकवीत. कित्येक उत्साही लेखक येथे एक उडी मारतात आणि सांगतात की, मेशिका लोक टोमॅटोची कीड हटावी म्हणून शेजारी झेंडू लावीत. ही उडी प्रस्तुत लेखक मारणार नाही. एकाच वाफ्याच्या प्रदेशात दोन्ही पिके होती एवढे पक्के आहे. हेतू त्यांच्यावर लादण्याचे आपणांस कारण नाही. नाना पिके जवळजवळ लावणे हा तेथला वहिवाटीचा शिरस्ता होता, आणि शिरस्त्याचा लाभ त्याचे कारण माहीत असो वा नसो, मिळतोच.

१५२० मध्ये देवीची साथ आली, १५२१ च्या वेढ्यात बंधारे फुटले, आणि त्याच वर्षी १३ ऑगस्टला राजधानी पडली. विजेत्यांस पाण्यातले शहर मानवले नाही. त्यांचे घोडे, गाड्या आणि गहू यांस कोरडी जमीन हवी होती. १६०७ मध्ये सरोवरांचे पाणी खोऱ्याबाहेर काढण्याचा खटाटोप सुरू झाला. मधल्या काळात १६२९ च्या महापुराने शहर जवळजवळ पाच वर्षे पाण्याखाली राहिले; तरी उलट दिशेने विचार कोणी केला नाही. १९०० मध्ये अध्यक्ष पोर्फिरिओ दियास याने मोठ्या निचरा-कालव्याचे उद्घाटन केले, आणि पुढील काही वर्षांत शोचिमिल्कोचे झरे नळांतून शहराकडे वळविण्यात आले. आज ते शहर आपल्या वाळलेल्या तळ्यात खचत चालले आहे, आणि पाण्यासाठी डोंगरापलीकडे हात पसरीत आहे.

इकडे झाडे जहाजांवर चढली होती. त्यांच्या नावांचा जो घोटाळा युरोपात झाला तो मनोरंजक आहे. लेओनहार्ट फुक्स याच्या १५४२ च्या वनस्पतिकोशात मिरचीस 'कालिकतचे मिरे' आणि मक्यास 'तुर्की धान्य' म्हटले आहे; झेंडूसही तेथे 'हिंदी' असे विशेषण लागले. अमेरिकेहून आलेली तीन झाडे, आणि एकाच्याही कपाळी अमेरिका नाही! सम्राट पाचवा चार्ल्स याने १५३५ मध्ये ट्यूनिस जिंकल्यावर झेंडू उत्तर आफ्रिकेतून आला अशी समजूत पसरली, आणि इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत तो अद्याप 'आफ्रिकन' म्हणून मिरवतो. ज्यांनी त्याला रानातून बागेत आणले त्यांचा पत्ताच नावातून पुसला गेला. टोमॅटोचे तसेच. १५४४ मध्ये मात्तिओली या इटालियन वैद्याने त्याचे वर्णन वांग्याच्या जोडीने केले, दहा वर्षांनी 'सोनेरी सफरचंद' हे नाव नोंदविले; आणि पुढे एका फ्रेंच वनस्पतिज्ञाने 'लांडग्याचे पीच' असे अर्थाचे लॅटिन नाव त्याच्या माथी मारले. १५९७ मध्ये जेरार्ड या इंग्रज लेखकाने त्याच्या दर्पाविषयी नाक मुरडले. ज्या देशात हे फळ रोजच्या चटणीत होते तेथे ते कसे खातात हे विचारून घेण्याचे श्रम फार थोड्यांनी घेतले. फिलिप राजाचा वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस हा १५७० ते १५७७ या काळात मेक्सिकोत जाऊन शेकडो झाडांची माहिती स्थानिक वैद्यांकडून टिपून आला. पण त्याचे काम त्याच्या हयातीत छापले गेले नाही.

हिंदुस्थानात ही दोन्ही झाडे पोर्तुगीजांच्या दळणवळणातून आली असे मानतात. येथे त्यांचे दैव फाकले. झेंडूचे स्वागत असे झाले की, तो परका होता हे सांगितले तर कोणास खरे वाटू नये. पिवळ्या फुलाची देवपूजेतील जागा येथे आधीच मांडलेली होती. त्यात हे फूल टिकाऊ, दोऱ्यात ओवता येणारे, उन्हात न कोमेजणारे, आणि नेमके दसरा-दिवाळीच्या सुमारास भरास येणारे. आंब्याच्या डहाळ्यांबरोबर ते तोरणात गेले, आणि आता झेंडूवाचून दसरा ही कल्पना करवत नाही. टोमॅटोसाठी मात्र अशी रिकामी जागा नव्हती. आंबट हवे तर चिंच होती, आमसूल होते, कैरी होती. मिरचीला जसे महागड्या मिऱ्याची जागा घेता आली तसे टोमॅटोस काही घेता आले नाही. 'बेलवांगी' हे मराठी नाव, वऱ्हाडातले 'भेदरे', बंगाल्यातले 'विलायती वांगे' ही नावे पाहावीत. पहिल्यात व तिसऱ्यात आपल्या लोकांनी तेच केले जे मात्तिओलीने केले होते. अनोळखी फळास वांग्याच्या घरात नेऊन बसविले. आणि ते बरोबरच होते. लिनियसने १७५३ मध्ये टोमॅटो वांग्याच्याच कुळशाखेत घातला, मिलरने तो वेगळा काढला, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकांची परीक्षा झाल्यावर शास्त्रज्ञांनी तो पुन्हा वांग्याशेजारी आणून ठेवला.

जॉर्ज वॅट याच्या हिंदी उत्पन्नांच्या कोशात, जो १८८९ ते १८९३ या काळात निघाला, टोमॅटोची लागवड मुख्यतः युरोपीयांसाठी होते, बंगाली व ब्रह्मी लोक आंबट कालवणात तो घालू लागले आहेत, अशा आशयाची नोंद आहे. म्हणजे ज्या फळावाचून आज हॉटेलातील एकही रस्साभाजी होत नाही ते सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी अजून पाहुणेच होते. अनेक घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकास ते आजही चालत नाही. आणि मौज अशी की, त्याच घरांत एकादशीस रताळे, बटाटा, शेंगदाणा आणि हिरवी मिरची निर्वेधपणे चालते. ही चारही त्याच्याच खंडातून आलेली!

झाडे आली, पण ती एकत्र लावण्याची रीत आली नाही. येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो रास्त आहे: मिश्र पिकाची रीत आपणांस बाहेरून आणावयाची गरज काय होती? तूर आणि बाजरी, ज्वारी आणि मूग, कडेने अंबाडी हे आपल्या शेतकऱ्याच्या हाडीमाशी खिळलेले होते. खरे आहे. अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ मध्ये पुसा येथे आला, १९२४ ते १९३१ होळकरांच्या इंदुरास संस्था चालवून राहिला, आणि १९४० च्या आपल्या ग्रंथात त्याने हे मोकळेपणाने मान्य केले की, तृणधान्याबरोबर कडधान्य पेरण्याचे मर्म युरोपास १८८८ च्या सुमारास प्रयोगशाळेतून कळले ते पूर्वेकडील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आचरीत होता. परंतु ती विद्या जिराईत धान्यांची होती. टोमॅटो हे बागायती, विकण्याचे, नव्या व्यापाऱ्यांच्या मागणीचे पीक म्हणून शेतात शिरले. त्याच्याभोवती आजीचा एकही शिरस्ता नव्हता. ते एकटेच लावले गेले, आणि एकट्या पिकाची जी दुर्दशा होते ती त्याचीही झाली. फळ पोखरणारी अळी, जी हरभऱ्यावर घाटेअळी म्हणून प्रसिद्ध आहे, ती टोमॅटोवर तुटून पडली, आणि औषधांच्या फवाऱ्यांची संख्या वाढत गेली.

दरम्यान युरोप-अमेरिकेत 'सोबतीची लागवड' हा विषय भलत्याच दाराने आत आला. १९२४ मध्ये रुडॉल्फ स्टायनर याने शेतीवर काही गूढवादी व्याख्याने दिली. त्याचा शिष्य फायफर याने वनस्पतींचे रस ताम्रक्षाराच्या द्रावणात मिसळून उमटणाऱ्या स्फटिकांच्या आकृत्यांवरून कोणते झाड कोणाचे मित्र हे ठरविण्याचा उद्योग केला. या मतांचा प्रसार करणाऱ्यांत रिचर्ड ग्रेग हा अमेरिकन होता. आपल्याकडील जुन्या वाचकांस हे नाव अपरिचित नाही. १९२५ मध्ये हिंदुस्थानात येऊन गांधीजींच्या सहवासात राहिलेला, खादीच्या अर्थशास्त्रावर लिहिणारा, अहिंसेच्या सामर्थ्यावर १९३४ मध्ये ग्रंथ लिहिणारा तोच हा ग्रेग. आणि १९६६ मध्ये हेलन फिलब्रिक हिच्यासह सोबती झाडांविषयीचे पुस्तकही त्याचेच. माणसांच्या सहजीवनावर ज्याने इतका विचार केला त्यास झाडांच्या मैत्रीची भुरळ पडावी हे स्वाभाविक आहे. तथापि स्फटिकांवरून मैत्री ठरविण्याचा प्रकार आणि पत्रिकेवरून विवाह ठरविण्याचा प्रकार यांत प्रस्तुत लेखकास फारसे अंतर दिसत नाही. टोमॅटोशेजारी अमुक लावा, तमुक लावू नका अशा ज्या याद्या आज हौशी बागवानांच्या तोंडी आहेत त्यांचा मोठा भाग या दारूनच आलेला आहे.

झेंडूचे मात्र शास्त्राने सोने केले. १९५० नंतरच्या दशकात हॉलंडमध्ये, जेथे फुलांच्या कंदांस सूत्रकृमींनी भंडावून सोडले होते, झेंडूच्या मुळांतून या कृमींस मारक असे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पण त्यातली मेख अशी की, झेंडू टोमॅटोच्या कडेला चार-दोन ठिकाणी लावून हा गुण फारसा मिळत नाही. आधीच्या हंगामात सबंध वाफ्यावर झेंडू घ्यावा, तो मातीत गाडावा, आणि मागाहून टोमॅटो लावावा तेव्हा मुळांवरच्या गाठी कमी होतात. सोबत कसली, हा तर वारसा झाला. २०१९ मध्ये इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी काचगृहातील टोमॅटोत बुटका झेंडू, ज्यास आपण मखमल म्हणतो, लावून पाहिला. त्याच्या पानांतील लिमोनिन या वासाच्या द्रव्यामुळे पांढऱ्या माशीची वाढ मंदावते असे त्यांस आढळले. तो आरंभापासून असेल तर फळ चांगले. माशी माजल्यावर आणून ठेवला तर गुण उणा.

आपल्याकडील ओळ यांपैकी कोणत्याच तत्त्वावर उभी नाही, आणि हे नीट ध्यानी घेण्यासारखे आहे. बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून मोठ्या झेंडूचा सापळ्यासारखा उपयोग दाखविला, आणि त्यावरून पुढे शिफारस रूढ झाली: सोळा ओळी टोमॅटो, एक ओळ झेंडू, लावणीच्या दिवशी झेंडूचे रोप चाळीस-पंचेचाळीस दिवसांचे असावे आणि टोमॅटोचे पंचवीस दिवसांचे. या दोन आकड्यांतच सारे रहस्य आहे. टोमॅटो फुलावर येईल त्याच सुमारास झेंडूही कळ्यांनी भरलेला असला पाहिजे. म्हणजे अंडी घालण्यास आलेली मादी झेंडूच्या कळ्यांकडे ओढली जाते, आणि अळ्या तेथे वेचता किंवा मारता येतात. रोपांची वये चुकली तर झेंडू ही नुसती शोभा. येथे झेंडू कोणास पळवून लावीत नाही. तो स्वतः खाल्ला जातो. आणि सापळ्यावर जमलेली कीड कोणी काढलीच नाही तर तो सापळा न राहता पैदाशीची जागा होतो. हौशी याद्या हे सांगत नाहीत.

या शिफारशी छापताना कोणी त्या फुलास 'आफ्रिकन' म्हणतो, कोणी 'उंच अमेरिकन'. दुसरे नाव वाचून प्रस्तुत लेखकास बरे वाटले. पावणेपाचशे वर्षांनी का होईना, पत्ता थोडा दुरुस्त झाला. शेतकऱ्याचा हिशेब अर्थात वेगळा असतो. अळी वाचो न वाचो, ती ओळ दसऱ्याच्या तोंडावर फुलली तर टोमॅटोचा भाव पडलेला असतानाही तोडणीची मजुरी निघते. शास्त्रज्ञाच्या कोष्टकात हा रकाना नसतो.

शोचिमिल्कोचे जे कालवे उरले त्यांचा १९८७ मध्ये जागतिक वारशांत समावेश झाला. झरे गेल्यामुळे त्यांत आता शहराचे शुद्ध केलेले सांडपाणी सोडावे लागते. कित्येक चिनाम्पा ओसाड पडल्या आहेत, काहींवर फुटबॉलची मैदाने झाली आहेत. उरलेल्यांवर काही कुटुंबे अजून गाळाच्या वड्या पाडून रोपे करतात. दिवाळीच्या आगेमागे, १ व २ नोव्हेंबरला, तेथे पितरांचा सण येतो. त्या दिवसांसाठी या वाफ्यांवर झेंडूची दाटी होते, आणि मेलेल्या आप्तांना घराची वाट सापडावी म्हणून दारापासून घरातल्या वेदीपर्यंत त्याच्या पाकळ्या अंथरतात. त्या पाकळ्यांमागच्या नैवेद्यात जे पदार्थ मांडतात त्यांच्या रश्शांत मिरचीबरोबर हितोमाते असतोच.